चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? आधी मोतीबिंदू तपासून घ्या

"मागच्या दिवाळीत चष्मा केला, आता पुन्हा धूसर दिसतंय." साठी उलटलेले बरेच ग्राहक असं सांगत दुकानात येतात. नवी काच बसवून द्यायला आमची ना नाही. पण वर्षात दोनदा नंबर बदलला असेल, तर तिसऱ्या चष्म्यावर पैसे घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मुख्यतः पाणी आणि प्रथिनांचं असतं. वयानुसार प्रथिनं गुठळ्या धरतात, भिंग गढूळ आणि पिवळसर होतं. हाच मोतीबिंदू. मधुमेह, बरीच वर्षं घेतलेली स्टेरॉइड्स, धूम्रपान किंवा डोळ्याला लागलेला जुना मार असेल तर तो लवकर येतो. दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे लक्षात येत नाही. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसतात, पांढरं धोतर धुतलं तरी मळकट वाटतं. काही आजोबांना तर एकाएकी चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो आणि घरचे खूश होतात! भिंगाचा गाभा घट्ट होऊन नंबर मायनसकडे सरकल्याची ती खूण असू शकते. हे सुख टिकत नाही.

थेंब, मध, गुलाबपाणी, कशानेही मोतीबिंदू विरघळत नाही. सुरुवातीला नवा नंबर आणि चांगला उजेड यांवर भागतं. पुढे शस्त्रक्रिया हाच उपाय. "पिकू द्या, मग काढू" हा सल्ला जुन्या काळातला. आता रोजची कामं अडू लागली की काढतात. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो, कधी डोळ्याचा दाबही वाढवतो.

फेको या शस्त्रक्रियेच्या पद्धतीत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची चीर देऊन ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. लेसरने मोतीबिंदू जाळतात हा गैरसमज आहे. कडक मोतीबिंदूला थोडी मोठी चीर देतात, तीही बहुधा बिनटाक्याची. ही पद्धत कमी दर्जाची नाही. जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते.

काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात. लोक गोंधळतात ते ही लेन्स निवडताना. मोनोफोकल म्हणजे एकाच अंतरासाठीच्या लेन्सने सहसा लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. सिलिंडरचा (बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणारा) नंबर जास्त असेल तर तो भरून काढणारी टोरिक. मल्टिफोकलने चष्मा बराचसा सुटतो, पण दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आणि ज्यांच्या डोळ्याचा आतला पडदा मधुमेहाने खराब आहे त्यांनी ती घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. महाग म्हणजे तुमच्यासाठी चांगली, असं नाही. आमच्या मते बहुतेक आजी-आजोबांना मोनोफोकल पुरते.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ती न विसरता सांगा, कारण अशा काही गोळ्यांमुळे शस्त्रक्रियेत बाहुली नीट रुंदावत नाही. नंतर थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू नका, पाणी जाऊ देऊ नका. डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर एकदम कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागच्या पापुद्र्यावर जाळी धरली, तर ती याग लेसरने काही मिनिटांत साफ होते. मोतीबिंदू मात्र परत येत नाही.

नवा चष्मा करायला घाई करू नका. साधारण महिना-दीड महिन्याने डॉक्टरांनी पक्का नंबर दिला, की तो कागद घेऊन या. जुनी फ्रेम चांगली असेल तर काच त्यातच बसवून देऊ.