इले दिसते, त्याले शोधा लागते: माहितीपटांतला ध्यास आणि प्रतिभा

हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी आमच्या प्रतापनगरच्या घरी गच्चीवर बुद्धिबळाचा पट निघतो. परवा मी मुलांसमोर एक कोडं मांडलं: पांढऱ्यानं 3 चालींत मात करायची. 13 वर्षांच्या पुतण्यानं लगेच वही काढली. एकेक शक्यता लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, असं त्याचं 25 मिनिटं चाललं. 10 वर्षांची पुतणी बाजूला बोरं खात उभी होती. तिनं वाकून पटाकडे पाहिलं, घोड्यावर बोट ठेवलं आणि पुढचं बोर उचललं. उत्तर दोघांचंही बरोबर होतं. आई म्हणाली, "इले दिसून जाते, अन् त्याले शोधा लागते."

असामान्य माणसांवरचे माहितीपट पाहताना आपली गल्लत होते ती नेमकी इथंच. बघून उठतो तेव्हा "काय प्रतिभा!" आणि "काय ध्यास!" ही दोन्ही वाक्यं आपण एकाच अर्थानं बोलून जातो. पण प्रतिभा म्हणजे दिसणं आणि ध्यास म्हणजे शोधणं न सोडणं. कॅमेऱ्याला यातलं दुसरं फार सोयीचं. वही, पहाटेचा गजर, सोललेली बोटं, घरच्यांची काळजी, सगळं टिपता येतं. बोट घोड्यावर टेकलं तो क्षण मात्र कॅमेरा सुरू होण्याआधीच संपलेला असतो. आमच्या गच्चीवर कुणी दीड तासाचा माहितीपट केला, तर तो पुतण्यावरच होईल.

दोन्ही गोष्टी सुट्या करून पाहायच्या असतील तर 2013 चा 'टिम्स व्हर्मीर' बघा. टिम जेनिसन हा अमेरिकन तंत्रज्ञ, चित्रकार नव्हे. 17व्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर भिंग आणि आरशाच्या मदतीनं रंगवत असावा, असं त्याच्या डोक्यात बसलं. ते तपासायला त्यानं व्हर्मीरच्या 'द म्युझिक लेसन' या चित्रातली अख्खी खोली टेक्सासमधल्या एका गोदामात उभी केली. भिंग स्वतः घासलं, रंग स्वतः घोटले. मग छोट्या आरशात दिसणारा रंग आणि कॅनव्हासवरचा रंग जुळेपर्यंत ठिपक्याला ठिपका लावत बसला. गालिच्याची वीण रंगवताना तो इतका कंटाळतो की बघणाऱ्याची मान अवघडते. चित्र शेवटी होतं, आणि ते बघण्यासारखं होतं. इथं ध्यास शंभर टक्के आहे, चित्रकलेची देणगी नाही. तरी मला हा माणूस फार मोठा वाटतो, कारण ज्याला दिसत होतं त्याच्या नजरेपर्यंत पोचायची वाट त्यानं हातानं खणून काढली. (अर्थात व्हर्मीरनं असंच केलं, हे त्यानं सिद्ध होत नाही. असं करता येतं, एवढंच होतं.)

याच्या बरोबर उलट 'सर्चिंग फॉर शुगर मॅन', 2012 चा. डेट्रॉइटचा गायक रॉड्रिगेझ. 1970 आणि 1971 मध्ये त्याचे दोन अल्बम आले, अमेरिकेत चालले नाहीत. मग तो घरं पाडण्याच्या, दुरुस्तीच्या मजुरीवर गेला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घरोघरी पोचली होती आणि त्याला पत्ता नव्हता. 1998 मध्ये तो तिथं गायला उभा राहिला तेव्हा सभागृह वेडं झालं. त्याचा आवाज आणि त्याचे शब्द ऐकून प्रतिभेबद्दल शंका उरत नाही. पण यशाच्या मागे हात धुऊन लागणं त्याच्या वागण्यात कुठं दिसत नाही. एक मात्र सांगायला हवं. ऑस्ट्रेलियातही त्याचा चाहतावर्ग होता, 1979 मध्ये तो तिथं दौराही करून आला होता. हे माहितीपटात येत नाही. विस्मृतीची गोष्ट घट्ट व्हावी म्हणून वगळलं असेल, तरी मला ते खटकतं. माहितीपट म्हणजे पुरावा नव्हे, मांडणी असते.

दोन्ही एकाच माणसात असतात तेव्हा ओळखणं अवघड जातं. 'फ्री सोलो' या माहितीपटातला अमेरिकन गिर्यारोहक अ‍ॅलेक्स होनोल्ड 3 जून 2017 रोजी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनचा सुमारे 900 मीटरचा कडा दोराशिवाय 3 तास 56 मिनिटांत चढला. माहितीपटात त्याच्या मेंदूची एमआरआय तपासणी होते. इतरांना हादरवणारी चित्रं बघूनही त्याच्या मेंदूतलं भीतीशी जोडलेलं केंद्र जवळजवळ शांत राहतं. बघणारा लगेच म्हणतो, हा जन्मतःच वेगळा. पण त्याआधी दोर लावून त्यानं तोच मार्ग कितीदा घोटलाय, हात-पाय कुठं ठेवायचा याच्या नोंदी वहीत केल्यात. ती शांतता जन्माची की वर्षानुवर्षं भीतीशी राहून कमावलेली, हे एका तपासणीतून ठरत नाही.

आपल्या भाषेनंही या गोंधळात भर घातली आहे. तेच वेड यश येईपर्यंत 'नाद' असतं, यश आलं की 'ध्यास' होतं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, थेट ग्रँडमास्टर झाली, वय अवघं 19. तेव्हापासून आमच्याकडे पटाला कुणी नाद म्हणत नाही. चांगलंच झालं. पण घराघरांत लगेच "मुलात ते आहे का?" सुरू झालं, आणि 'ते' म्हणजे दोनांपैकी काय, हे कुणी विचारत नाही.

गेल्या रविवारी दोघांना 'फ्री सोलो' दाखवला. पुतण्यानं वहीचा प्रसंग मागे नेऊन दोनदा पाहिला. पुतणी वेगळ्याच जागी अडकली. 2016 मध्ये होनोल्ड अंधारात चढायला लागतो आणि थोडं वर गेल्यावर परत फिरतो, तिथं. "आत्या, आज नाही जमणार हे त्याला कसं कळलं?" तिनं विचारलं. हे दिसलं म्हणायचं की शोधलं, मला सांगता आलं नाही. आईकडे पाहिलं, तर तीही पडद्याकडे बघत गप्प बसली होती.