ताशी ५५ मैल: गाडीचा स्पीड आणि अ‍ॅव्हरेज यांची जुनी गोष्ट

गाडी ताशी ८०-९० किलोमीटरवर ठेवा, अ‍ॅव्हरेज चांगलं मिळेल, हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय, पण हा सल्ला एकेकाळी अमेरिकेत चक्क कायदा होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली होती, पण तेव्हा खरी टंचाई रबराची होती, टायर वाचवायचे होते. पेट्रोलचा विषय खऱ्या अर्थाने पेटला तो ऑक्टोबर १९७३ मध्ये. अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं आणि काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी आधी सुचवलं होतं कारला ५० मैल आणि ट्रक-बसला ५५, त्यावर ट्रकवाले खवळले, आमच्या गाड्या जास्त स्पीडलाच नीट चालतात म्हणाले, रस्ते अडवले, आणि शेवटी सगळ्यांनाच ५५ असं ठरलं, म्हणजे आपले साधारण ८८ किलोमीटर. २ जानेवारी १९७४ ला सही झाली. म्हणजे हा आकडा काही लॅबमधून आलेला नाही, तडजोडीतून आलाय. पश्चिम जर्मनीने तर एरवी मर्यादा नसलेल्या आपल्या ऑटोबान हायवेवरही १०० किलोमीटरची मर्यादा लावली होती, ती जेमतेम चार महिने टिकली.

पण मागचं शास्त्र मात्र पक्कं आहे. शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर तळहात धरला की ४० ला वारा नुसता लागतो, ८० ला हात मागे ढकलतो. अख्ख्या गाडीचं तेच होतं, कारण वाऱ्याचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १२० ला गेलात तर स्पीड दीडपट पण अडथळा सव्वादोनपट, आणि तो कापायला लागणारं पेट्रोल आपल्याच टाकीतलं. मग अगदी हळू चालवावं का, तर तेही नाही, खालच्या गिअरमध्ये रेंगाळलं की इंजिन स्वतःला फिरवण्यातच बरंच पेट्रोल खातं आणि अंतर काही कापलं जात नाही. म्हणून मधला स्पीड, टॉप गिअर, स्थिर पाय.

अमेरिकेत १९७९ पासून नव्या गाड्यांच्या स्पीडोमीटरवर ५५ मैलांचा आकडा उठून दिसेल असा छापायची सक्ती झाली आणि काटा ८५ च्या पुढे दाखवायचा नाही असंही ठरलं. तरी लोक पळवायचेच, त्यामुळे पेट्रोलची बचत अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. मला विचाराल तर खरा फायदा वेगळाच होता, १९७३ ला तिथे रस्ते अपघातांत सुमारे ५४ हजार माणसं गेली होती, १९७४ ला ४५ हजार, अर्थात त्या वर्षी लोक फिरलेही कमी. १९८७ मध्ये गावांबाहेरच्या हायवेवर ६५ ला परवानगी मिळाली आणि १९९५ मध्ये कायदाच गेला.

पुढे २०११ मध्ये लिबियातल्या गडबडीने तेल महागलं तेव्हा स्पेनने हायवेची मर्यादा १२० वरून ११० किलोमीटर केली, पाट्या बदलायला वेळ कुठे होता, जुन्या पाट्यांवर स्टिकर चिकटवले आणि जुलै लागताना ते काढूनही टाकले.