पार्श्वभूमी : पालघरची अटक आणि तंत्रज्ञानाची लोकहिताची वकिली

2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला तो मुख्यतः इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना आणि डिजिटल सहीला मान्यता देण्यासाठी, आणि म्हणून या क्षेत्रातली वकिली म्हणजे कंपन्यांचे करारमदार व फसवणुकीचे खटले अशीच समजूत बरीच वर्षे राहिली. 2008 च्या दुरुस्तीने त्यात कलम 66अ घातले आणि इंटरनेटवरून त्रासदायक मजकूर पाठवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. मात्र त्रास कशाला म्हणायचे, हे कायद्याने सांगितले नाही.

त्याची किंमत उत्तर कोकणात दिसली. नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातील तालुका होता. त्याच महिन्यात, कायद्याच्या शिक्षणाकडे वळलेल्या दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या पीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

पुढचा भाग मला अधिक बोधक वाटतो. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवतच राहिले. वकील आणि विदातज्ज्ञांनी (विदा म्हणजे डेटा) एकत्र बसून ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयांच्या ऑनलाइन, नोंदी चाळल्या, तेव्हा असे प्रलंबित खटले राज्याराज्यांतून सापडले आणि त्यांत महाराष्ट्र आघाडीवर निघाला. त्या आकडेवारीच्या आधारे पुन्हा दाद मागितली गेली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला स्पष्ट आदेश द्यावा लागला. निकाल मिळवणे आणि तो पोलीस ठाण्यापर्यंत पोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या पिढीच्या वकिलांना इथे कळले.

याच सुमारास कामाची जागाही बदलली, कोर्टाबरोबर कायद्याच्या मसुद्यांपर्यंत गेली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल ऑगस्ट 2017 मध्ये आला, न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये विदासंरक्षणाचा मसुदा दिला आणि 2023 मध्ये, बऱ्याच फेरफारांनंतर, कायदा झाला. मसुद्यावर हरकती लिहिणे हेही आता वकिलीचेच काम मानले जाते.

कोकणात मात्र तंत्रज्ञान दारात येते ते सातबाऱ्याच्या रूपाने. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. पण इथल्या जमिनी तुकड्यातुकड्यांच्या, सामाईक, अनेक खातेदार मुंबईला चाकरमानी. हस्तलिखितातले एखादे नाव संगणकात गळले तर ते गणपतीला गावी आल्यावरच कळायचे. अशा लेखनप्रमादाची दुरुस्ती जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे मागावी लागते, आणि तो अर्ज नीट लिहिणारा तालुक्याचा वकीलही, माझ्या मते, लोकहिताच्या वकिलीच्या याच परंपरेतला आहे, जरी त्याच्या पाटीवर तसे काही लिहिलेले नसले.

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाल्यापासून रत्नागिरी व सिंधुदुर्गाची अपिले घाट चढून तिकडे जातात. पालघर, ठाणे आणि रायगडची अजून मुंबईलाच.