सर्व्हरचे नेटवर्क कार्ड

सर्व्हरला ईथरनेट जाळ्याशी जोडणारे कार्ड म्हणजे नेटवर्क कार्ड. घरगुती संगणकात हे काम मदरबोर्डवरची एखादी चिप निमूटपणे करते. सर्व्हरच्या कार्डाकडून मात्र आणखी तीन अपेक्षा असतात. एखादी केबल किंवा स्विच (अनेक यंत्रांच्या केबल एकत्र जोडणारे उपकरण) बंद पडला तरी सेवा चालू राहावी, एकाच केबलमधून जाणारी निरनिराळी वाहतूक एकमेकींत मिसळू नये आणि हे सारे करताना प्रोसेसरचा वेळ खर्ची पडू नये.

पहिल्या अपेक्षेसाठी दोन किंवा अधिक पोर्ट (कार्डावरच्या केबल लावायच्या जागा) एकत्र बांधून ऑपरेटिंग सिस्टिमला ते एकच असल्याचे भासवले जाते. लिनक्समध्ये याला बाँडिंग, तर विंडोज सर्व्हरमध्ये टीमिंग म्हणतात. लिनक्सच्या बाँडिंग ड्रायव्हरमध्ये सात पद्धती आहेत. त्यांतली सर्वांत साधी ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’: एक पोर्ट काम करतो, दुसरा राखीव राहतो. हिच्यासाठी स्विचवर वेगळी मांडणी लागत नाही आणि दोन पोर्ट दोन स्वतंत्र स्विचना जोडता येतात. दोन्ही पोर्ट एकाच वेळी वापरायचे असतील तर बहुधा एलएसीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हर आणि स्विच यांच्यातल्या संदेशांचा ठरलेला नियमसंच, निवडतात. २००० साली ८०२.३एडी या मानकात आलेला हा प्रोटोकॉल २००८ पासून ८०२.१एएक्स या मानकात आहे. त्यात सर्व्हर आणि स्विच ठरावीक अंतराने संदेश पाठवून जोडणी शाबूत असल्याची खात्री करून घेतात. हे अंतर ३० सेकंदांचे किंवा १ सेकंदाचे असते आणि लागोपाठ तीन संदेश चुकले की ती जोडणी गटातून वगळली जाते.

येथे एक गैरसमज फार आढळतो. दहा गिगाबिटचे दोन पोर्ट बांधले म्हणजे एखादी फाइल वीस गिगाबिटच्या वेगाने जाईल, असे होत नाही. पॅकेटांचा, म्हणजे डेटाच्या लहान तुकड्यांचा, क्रम बिघडू नये म्हणून पत्ते आणि पोर्टक्रमांक (प्रोग्राम ओळखण्याचे आकडे; कार्डावरचे पोर्ट नव्हेत) यांवरून हॅश, म्हणजे एक ठरावीक आकडा, काढला जातो आणि दोन प्रोग्राममधल्या एका संवादाची सगळी पॅकेटे एकाच केबलवर पाठवली जातात. वाढीव क्षमतेचा लाभ असे अनेक संवाद एकाच वेळी चालू असतानाच होतो. तसेच एकाच कार्डावरचे दोन पोर्ट बांधले तर केबल तुटण्यापासून संरक्षण मिळते, कार्ड जळण्यापासून नाही. त्यामुळे बांधायचे पोर्ट दोन वेगळ्या कार्डांवरचे असणे अधिक शहाणपणाचे.

दुसऱ्या अपेक्षेसाठी, म्हणजे वाहतुकीच्या विभागणीसाठी, व्हीलॅन (एकाच जाळ्यातली आभासी स्वतंत्र जाळी) वापरतात. ८०२.१क्यू मानकानुसार प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या ईथरनेटच्या डेटा-तुकड्यात, चार बाइटचा टॅग घातला जातो. त्यातला व्हीलॅन क्रमांक १२ बिटांचा असतो आणि दोन राखीव मूल्ये वगळता ४,०९४ व्हीलॅन मिळतात. टॅग लावणे, काढणे आणि नको त्या व्हीलॅनच्या फ्रेम गाळणे हे काम कार्ड स्वतःच करू शकते. व्हीलॅनमुळे वाहतूक वेगळी होते, पण गुप्त होत नाही. शिवाय केबलची क्षमता सामायिकच राहते. मोठ्या डेटा सेंटरांत हे क्रमांक अपुरे पडू लागल्याने २४ बिटांचा क्रमांक वापरणारे व्हीएक्सलॅन आले. त्यात मूळ फ्रेम यूडीपी या साध्या प्रोटोकॉलच्या पॅकेटात गुंडाळली जाते आणि सुमारे ५० बाइटचा भार वाढतो. गुंडाळलेल्या फ्रेमच्या आत पाहू न शकणाऱ्या जुन्या कार्डांवर त्यामुळे पुढे सांगितलेल्या बऱ्याच सोयी निरुपयोगी ठरल्या.

कार्यक्षमतेचा प्रश्न आकड्यांतून स्पष्ट होतो. दहा गिगाबिटच्या केबलवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख येऊ शकतात. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. म्हणून चेकसम (डेटातली चूक ओळखणारा आकडा) काढणे आणि मोठ्या डेटाचे टीसीपी सेगमेंट, म्हणजे पाठवण्याजोगे तुकडे, पाडणे ही कामे कार्डावर ढकलतात. येणारी वाहतूक आरएसएस या तंत्राने अनेक रांगांत, आणि पर्यायाने प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटली जाते. प्रत्येक पॅकेटामागे इंटरप्ट (प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा इशारा) देण्याऐवजी काही पॅकेटे साचू दिली तर प्रोसेसरवरचा भार हलका होतो, पण विलंब वाढतो. १,५०० ऐवजी ९,००० बाइटच्या जंबो फ्रेमही उपयोगी पडतात, मात्र संबंधित व्हीलॅनमधल्या सर्व यंत्रांना आणि स्विचना त्या चालल्या पाहिजेत.

या तीन अपेक्षा परस्परांना नेहमी पूरक असतातच असे नाही. याचे ठळक उदाहरण एसआर-आयओव्ही हे आहे. या तंत्रामुळे एक कार्ड अनेक आभासी कार्डांसारखे वागते आणि व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) हायपरवायझरच्या, म्हणजे अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आभासी स्विचला वगळून थेट कार्डाशी बोलते. वेग वाढतो, पण त्या स्विचवर केलेले बाँडिंग आणि लावलेले नियम या वाहतुकीला लागू होत नाहीत, तसेच चालू मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवणेही अवघड होते. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनला दोन निराळ्या पोर्टांवरची आभासी कार्डे देऊन बाँडिंग तिच्या आतच करावे लागते.