विश्वस्फीतीतील क्वांटम गतिकी : आसन्न पद्धती

विश्वाच्या आरंभी, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, अवकाश एकावर सव्वीस शून्ये इतक्या पटींनी किंवा त्याहूनही अधिक ताणले गेले, असे विश्वस्फीतीचा म्हणजेच इन्फ्लेशनचा सिद्धांत मानतो. (महागाईचा इथे काही संबंध नाही.) अलेक्सेई स्टारोबिन्स्की (१९८०), अ‍ॅलन गूथ (१९८१) आणि आंद्रेई लिंडे (१९८२) यांनी या कल्पनेला आकार दिला. बहुतेक प्रतिमानांत हे प्रसरण इन्फ्लेटॉन नावाचे क्षेत्र (अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला एक मूल्य असणारी भौतिक राशी) घडवून आणते, आणि त्यातील क्वांटम थरथर पुढे दीर्घिकांचे बीज ठरते. या थरथरीचे संपूर्ण समीकरण मात्र सुटत नाही. प्रत्येक लहर इतर लहरींशी जोडलेली, शिवाय खालचे अवकाशही ताणले जात असलेले. म्हणून काहीतरी सोडून आसन्न, म्हणजे अंदाजे, उत्तर काढावे लागते. काय सोडले, यावरून पद्धती वेगळ्या होतात.

सर्वांत रुळलेल्या पद्धतीत लहरींची आपापसातील क्रिया सोडली जाते. मग प्रत्येक तरंगलांबी म्हणजे एक सुटा दोलक, फक्त त्याची वारंवारता काळानुसार बदलते; हेच मुखानोव्ह–सासाकी समीकरण. लहर क्षितिजाबाहेर, म्हणजे प्रसरणामुळे ज्यापलीकडे परस्पर संपर्क उरत नाही त्या अंतराबाहेर, ताणली गेली की तिचे दोलन थांबते आणि उंची गोठते. विश्वातील सर्वांत जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८च्या निष्कर्षांनुसार या थरथरीचे प्रमाण साधारण वीस हजारांत एक इतकेच आहे, त्यामुळे ही सूट परवडते. डब्ल्यूकेबी पद्धत (वारंवारता हळूहळू बदलते असे धरून दोलकाचे उत्तर काढणारी) याच समीकरणाला लावली तर क्षितिजाबाहेर ती कोलमडते. मार्टिन आणि श्वार्ट्झ यांनी २००३ मध्ये चलच बदलून ती सावरली.

थरथर मोठी असेल तर हार्ट्री पद्धत उपयोगी पडते. समीकरणातील क्षेत्राच्या घनाऐवजी ‘तिप्पट सरासरी वर्ग गुणिले क्षेत्र’ असे लिहायचे. ही सरासरी पुन्हा त्याच लहरींतून काढायची असल्याने उत्तर स्वतःशी जुळेपर्यंत हिशेब फिरवावा लागतो.

स्टारोबिन्स्कींनी १९८६ मध्ये वेगळीच वाट काढली. क्षितिजाबाहेरच्या लांब लहरी एकत्र करून त्यांना साधी यादृच्छिक राशी मानायचे. आतून नवनव्या लहरी बाहेर पडत राहतात आणि प्रत्येक हबल-काळात (हबल मूल्य म्हणजे प्रसरणाचा दर, हबल-काळ म्हणजे त्याचा व्यस्त) क्षेत्राला हबल मूल्य भागिले २π एवढा धक्का देतात. पाण्यातल्या परागकणासारखे क्षेत्र भरकटते. विभवाचा, म्हणजे क्षेत्राच्या स्थितिज ऊर्जेचा, उतार त्याला तळाकडे ओढतो. याला स्टोकॅस्टिक पद्धत म्हणतात.

दोन्हींची तुलना एका उदाहरणात छान दिसते. अवकाश एकसारख्या दराने प्रसरत आहे आणि विभव म्हणजे लॅम्डा (क्षेत्राच्या स्वतःशी होणाऱ्या क्रियेची ताकद, म्हणजेच जोडणी) गुणिले क्षेत्राचा चौथा घात, भागिले चार, असे धरू. क्षेत्राचा सरासरी वर्ग हबल मूल्याच्या वर्गाला लॅम्डाच्या वर्गमुळाने भागून येणाऱ्या एककात मोजला, तर हार्ट्री पद्धतीने ०.११३ मिळतात. स्टारोबिन्स्की आणि योकोयामा यांच्या १९९४च्या स्टोकॅस्टिक हिशेबात ०.१३२. फरक जवळपास पंधरा टक्क्यांचा. हार्ट्री पद्धत क्षेत्राची वाटणी घंटेच्या आकाराची गृहीत धरते. खरी वाटणी माथ्याला सपाट आणि खांद्याशी एकदम उतरणारी असते. जोडणी कितीही क्षीण केली तरी हा फरक मिटत नाही, आणि नवख्याला नेमके तेच पटत नाही.

स्फीती संपल्यानंतर इन्फ्लेटॉनच्या दोलनांतून कणांचा पूर येतो. त्या टप्प्यात हार्ट्री लंगडी पडते, कारण तिच्यात लहरी एकमेकींवर आदळून विखुरतच नाहीत. ख्लेब्निकोव्ह आणि त्काचेव्ह यांनी १९९६ मध्ये संगणकावरील जाळीत क्षेत्र अभिजात, म्हणजे क्वांटम नसलेले, मानूनच सोडवले. प्रत्येक लहरीत भरपूर कण असतात, तोवर हे चालते. पुढे अभिजात हिशेबात ऊर्जा लहानात लहान लहरींकडे सरकू लागते आणि उत्तर जाळीच्या घरांच्या आकारावर अवलंबून राहते. तिथे संगणक थांबवावा लागतो.