पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकार

छापून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या, वृत्तपत्राच्या अंकाच्या किंवा इतर दस्तऐवजाच्या सगळ्या प्रती सरकारच्या मालकीच्या झाल्या असे जाहीर करण्याचा भारतातील राज्य सरकारांचा अधिकार. बोलताना याला ‘पुस्तकावर बंदी’ म्हणतात. कायद्याने वापरलेला शब्द मात्र ‘सरकारजमा’ असा आहे, आणि हा फरक केवळ शब्दांचा नाही. १ जुलै २०२४पासून हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८मध्ये आहे. त्याआधी तो फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३च्या कलम ९५मध्ये आणि त्याहीआधी १८९८च्या संहितेच्या कलम ९९-अमध्ये होता. संहिता दोनदा बदलली, कलमाचा सांगाडा जवळपास तसाच राहिला.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा बहुधा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२)मधील ‘वाजवी निर्बंध’ या शब्दांपाशी घुटमळते. पुस्तकांच्या बाबतीत खरी लढाई त्याहून बऱ्याच खालच्या पायरीवर, अधिसूचनेच्या कागदावर होते. सरकारने त्या कागदावर काय लिहिले आणि काय लिहायचे राहिले, यावर आजवरची बरीच प्रकरणे निकाली निघाली आहेत.

कलमाची रचना

सरकारला पुस्तक नुसते आक्षेपार्ह वाटून चालत नाही. त्यातील मजकूर ठरावीक गुन्ह्यांपैकी एखाद्यात बसतो असे सरकारला दिसावे लागते. जुन्या भारतीय दंड संहितेतील राजद्रोह (१२४-अ), गटागटांत वैर वाढवणे (१५३-अ), राष्ट्रीय एकात्मतेला बाधक विधाने (१५३-ब), अश्लीलता (२९२, २९३) आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (२९५-अ) ही ती यादी. भारतीय न्याय संहितेत त्यांच्या जागी अनुक्रमे कलमे १५२, १९६, १९७, २९४, २९५ आणि २९९ आली. या यादीत बदनामी नाही. एखाद्या पुढाऱ्याची किंवा घराण्याची बदनामी झाली, एवढ्यावरून पुस्तक सरकारजमा करता येत नाही. त्यासाठी बदनामीचा वेगळा खटला लागतो. तक्रारदारांची सर्वांत जास्त गल्लत होते ती इथेच.

‘दस्तऐवज’ या शब्दात चित्र, रेखाटन, छायाचित्र किंवा डोळ्यांना दिसणारे अन्य चित्रणही येते. पुस्तक कुठे छापले याला महत्त्व नाही. आदेश एका राज्याने काढला तरी प्रत देशात जिथे सापडेल तिथे कोणताही पोलीस अधिकारी ती जप्त करू शकतो. एखाद्या जागेत शिरून झडती घ्यायची तर मात्र दंडाधिकाऱ्याचे वॉरंट लागते, आणि ते उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या नावे काढता येत नाही.

लेखकाला किंवा प्रकाशकाला आधी नोटीस देऊन म्हणणे ऐकण्याची तरतूद या कलमात नाही. आदेश निघतो आणि राजपत्रात छापला जातो, त्यानंतरच भांडण सुरू होते. प्रत जवळ बाळगल्याबद्दल हे कलम कोणालाही शिक्षा सांगत नाही. प्रत सरकारची झालेली असते, ती काढून घेता येते, इतकेच. लेखकावर खटला भरायचा तर तो स्वतंत्रपणे भरावा लागतो, आणि वैर वाढवणे किंवा धार्मिक भावना दुखावणे यांसारख्या गुन्ह्यांत न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. त्यामुळे लेखक निर्दोष आणि पुस्तक जप्त, किंवा उलटही, अशी स्थिती येऊ शकते.

महाराष्ट्रापुरते एक ध्यानात ठेवावे: नाटकाच्या संहितेला इथे प्रयोगाआधी परिनिरीक्षण (सरकारी पूर्वतपासणी) लागते, पुस्तकाला छापण्याआधी कोणाचीच परवानगी लागत नाही. सरकारजमा करणे हा नंतरचा उपाय आहे.

‘कारणे नमूद करून’

कलमातील सर्वांत वजनदार शब्द हे आहेत. सरकारने आपले मत कशावरून बनले त्याची कारणे आदेशातच लिहिली पाहिजेत. या अटीला वसाहतकाळाचा इतिहास आहे. १९१०च्या प्रेस कायद्याखाली मौलाना मोहम्मद अली यांच्याकडील एक पत्रक जप्त झाले. १९१३मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स यांनी अधिसूचनेत कारणे नसल्याचे दाखवून दिले, पण कायद्याने न्यायालयाचे हातच बांधून ठेवले असल्याने अर्ज फेटाळावा लागला. तेज बहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९२२मध्ये तो कायदा रद्द झाला. जप्तीचा अधिकार मात्र गेला नाही, तो कलम ९९-अ होऊन फौजदारी संहितेत शिरला. सोबत दोन महिन्यांची मुदत आणि तीन न्यायमूर्तींचे पीठ हेही आले.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ही अट ताणून धरली. हरनाम दास प्रकरणात (१९६१) उत्तर प्रदेश सरकारचा आदेश केवळ कारणे दिली नाहीत म्हणून रद्द झाला. १९७२मध्ये मध्य प्रदेशच्या एका आदेशाचे तेच झाले. नंतरचे प्रकरण अधिक बोलके आहे. पेरियार यांच्या रामायणावरील पुस्तकाची हिंदी आवृत्ती ललईसिंह यादव यांनी काढली, ती उत्तर प्रदेश सरकारने १९६९मध्ये सरकारजमा केली. आदेशाला परिशिष्ट जोडून आक्षेपार्ह मजकूर कुठल्या पानांवर आहे ते दाखवले होते. पाने दाखवणे म्हणजे कारण देणे नव्हे, असे ठरले. मजकूर कोणता, हे परिशिष्टाने कळते. तो कोणत्या वर्गाच्या भावना का दुखावतो, हे कळत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९७१मध्ये आदेश रद्द केला आणि १९७६मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने त्यावर शिक्कामोर्तब झाले. कारणे थोडक्यात लिहिली तरी चालतील, पण लिहिलेली हवीत.

म्हणून सरकारी बाजूने चुका होतात त्या ठरलेल्याच जागी. कलमातील शब्द जसेच्या तसे उतरवायचे (‘सदर पुस्तकामुळे समाजात तेढ निर्माण होण्याची शक्यता आहे’) आणि त्यालाच कारण म्हणायचे. हे मत झाले. कारणात वस्तुस्थिती असावी लागते. दुसरी चूक म्हणजे तेढ कोणाकोणात, हे न सांगणे. तिसरी, आदेश लंगडा निघाला की न्यायालयात प्रतिज्ञापत्र घालून त्याला कुबडी देणे. ती चालत नाही. आदेश काढताना जे कागदावर होते त्यावरच त्याची परीक्षा होते.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकाचे प्रकरण याच जागी अडले. प्रकाशकाने ते नोव्हेंबर २००३मध्येच मागे घेतले होते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, संस्थेच्या संग्रहाची नासधूस झाली. पुण्यात नोंदलेला लेखक-प्रकाशकांविरुद्धचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २००७ रोजी रद्द केला. पुस्तक सरकारजमा करणाऱ्या २० डिसेंबर २००६च्या अधिसूचनेला संघराज रुपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला यांनी आव्हान दिले. यांपैकी कोणीही त्या पुस्तकाचे लेखक किंवा प्रकाशक नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २००७ रोजी अधिसूचना रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी तो निकाल कायम ठेवला. कोणत्या समाजगटांत वैर निर्माण झाले किंवा होण्याचा संभव आहे, हे अधिसूचनेवरून उमगत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. महाराजांविषयी कोणी काय लिहावे यावर न्यायालयाने मत दिले, असा या निकालाचा अर्थ लावला जातो तो चुकीचा आहे.

आव्हान कसे द्यायचे

अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात अर्ज करायचा (नव्या संहितेत कलम ९९, जुन्यात ९६). दोन महिने मोजायचे ते राजपत्राच्या तारखेपासून, वर्तमानपत्रात बातमी वाचल्याच्या दिवसापासून नव्हे. पुस्तकात ‘काही हितसंबंध असलेली’ व्यक्ती अर्ज करू शकते. दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागून उपयोग नाही. कलमाने तो रस्ता बंद केला आहे. सुनावणी तीन न्यायमूर्तींच्या खास पीठापुढे होते, आणि मतभेद झाल्यास बहुमताचा निर्णय लागू होतो.

ओझे कोणावर, हा भाग जरा गुंतागुंतीचा आहे. सरकारचे प्रथमदर्शनी मत खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. पण त्याच कलमात असेही आहे की मजकूर त्या प्रकारचा असल्याबद्दल न्यायालयाची खात्री पटली नाही, तर आदेश रद्द करावाच लागतो. म्हणजे सुरुवात सरकारच्या बाजूने होते आणि शेवटी शंकेचा फायदा पुस्तकाला मिळतो.

पुस्तक वाचायचे कसे

एखादे वाक्य संदर्भातून उपटून दाखवणे पुरेसे नाही, पुस्तक समग्र वाचावे लागते. हे तत्त्व नीट मांडले गेले ते मुंबई उच्च न्यायालयाच्या १९६९च्या निकालात. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे मराठी पुस्तक १९६७ साली निघाले आणि त्याच वर्षी सरकारजमा झाले. न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण सोबत लेखकांना अडचणीची वाटावी अशीही गोष्ट सांगितली: मजकूर वैर वाढवणारा असेल, तर तो ऐतिहासिकदृष्ट्या खरा आहे हा पूर्ण बचाव नव्हे. वैर प्रत्यक्षात माजले हे सरकारला सिद्ध करावे लागत नाही, आणि लेखकाचा हेतू प्रामुख्याने भाषेवरून ताडायचा असतो. ‘मी तर इतिहास लिहिला’ म्हणणाऱ्याने हा निकाल वाचावा.

वाचक कोण धरायचा? याचे उत्तर नागपूर उच्च न्यायालयाने दिले. भगवतीचरण शुक्ल प्रकरणात (१९४७ साली प्रसिद्ध झालेला निकाल) न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर आणि धीराच्या माणसांच्या मापाने मोजायचा. दुबळ्या, डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या मापाने नाही. १९८८मध्ये ‘तमस’ मालिकेचे प्रक्षेपण थांबवण्याची मागणी झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने याच नागपुरी मापाचा आधार घेऊन मागणी फेटाळली.

या मापाने प्रत्येक पुस्तक सुटते असे मात्र नाही. आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामवरील इंग्रजी पुस्तकावरचा महाराष्ट्र सरकारचा २००७चा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ६ जानेवारी २०१० रोजी कायम केला. कोणत्याही धर्मावर टीका करता येते. हे पुस्तक टीकेपुरते थांबत नाही, त्यात द्वेष फैलावण्याचा हेतू दिसतो, असा त्याचा आशय. कर्नाटकात पी. व्ही. नारायण यांची बसवेश्वरांच्या काळावरील ‘धर्मकारण’ ही कन्नड कादंबरी पुरस्कार मिळाल्यानंतर सरकारजमा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये तो आदेश उचलून धरला. पुरस्कार ही ढाल ठरत नाही.

जिथे हे कलम पोचत नाही

आदेश रद्द झाला तरी पुस्तक दुकानात परत येईलच असे नाही. ललईसिंह यांच्या प्रकरणाला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत सुमारे सात वर्षे लागली, लेन प्रकरणात अधिसूचनेपासून साडेतीन. तोवर प्रकाशकाचे भांडवल अडकते, छापखाने हात आखडता घेतात. २०१४मध्ये वेंडी डॉनिगर यांच्या हिंदू धर्मावरील ग्रंथाच्या प्रती प्रकाशकाने दिवाणी दाव्यात तडजोड करून स्वतःच मागे घेतल्या. तिथे सरकारी आदेशच नव्हता, तेव्हा त्याला आव्हान देणेही शक्य नव्हते.

परदेशातून येणारी पुस्तके सीमाशुल्क कायदा, १९६२च्या कलम ११खाली केंद्र सरकार अडवते. सलमान रश्दी यांची ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ ऑक्टोबर १९८८मध्ये अशीच अडवली गेली. वाचायला मागवता येत नाही म्हणून एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तर ३६ वर्षांनंतर ती अधिसूचना कोणत्याच खात्याला सापडेना. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने ती अस्तित्वातच नाही असे गृहीत धरले.

नवे कलम कोरे राहिलेले नाही. जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने ऑगस्ट २०२५मध्ये एकाच अधिसूचनेने २५ पुस्तके सरकारजमा केली. त्यांत अरुंधती रॉय आणि ए. जी. नूरानी यांचीही पुस्तके होती. एका आदेशात २५ पुस्तके घेतली की कारणे प्रत्येकाची वेगळी द्यायची का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

संकेतस्थळावरील मजकुराला मात्र कलम ९८ सहसा वापरले जात नाही. तिथे मजकूर अडवण्याचा अधिकार देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ आणि २००९चे नियम लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात (२४ मार्च २०१५) हे कलम वैध ठरवले. आदेशात लेखी कारणे द्यावी लागतात आणि म्हणून त्याला रिट अर्जाने आव्हान देता येते, हा त्यामागचा एक आधार. परंतु त्याच नियमांतील नियम १६ तक्रारी व त्यांवरील कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. अधिसूचना राजपत्रात येत नाही, तीन न्यायमूर्तींचे खास पीठ नाही, आणि ज्याचा लेख झाकला गेला त्याला पडद्यावर दिसते ते फक्त पान उपलब्ध नसल्याची सूचना.