तळापासून गोठणारं लोखंड

आपल्या पायांखाली ५,१५० किलोमीटरवर, बाह्य गाभ्याच्या वितळलेल्या लोखंडात, लोखंडाचाच एक घन गोळा आहे: पृथ्वीचा आंतरगाभा. त्याची त्रिज्या साधारण १,२२० किलोमीटर. तिथलं तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या पुढे, तरी तो घन! कारण दाब. आंतरगाभ्याच्या पृष्ठभागावरच तो वातावरणाच्या दाबाच्या ३० लाख पटींहून जास्त आहे.

या गोळ्याचा सुगावा भूकंपांमुळे लागला. द्रव गाभा प्राथमिक लहरींना, म्हणजे भूकंपाच्या सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरींना, आत वळवतो, त्यामुळे भूकंपापासून दूरच्या एका पट्ट्यात त्या पोचायला नकोत. पण १९२९ मध्ये न्यूझीलंडच्या मर्चिसनजवळ झालेल्या भूकंपाच्या नोंदींत, नेमक्या अशाच जागी, क्षीण लहरी उमटल्या. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये त्याचा अर्थ लावला: गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि या लहरी त्यावरून वळून येतात. संगणक नसताना काढलेला हा निष्कर्ष मला आजही थक्क करतो.

पृथ्वी निवत चालली आहे, मग गोठणं वरून का सुरू झालं नाही? दाब वाढला की लोखंडाचा वितळणबिंदू चढतो, आणि गाभ्यात खाली जाताना तो तापमानापेक्षा भराभर चढतो. म्हणून केंद्र सगळ्यात गरम असूनही आधी गोठलं ते तिथलंच लोखंड. गोळ्याची वाढ वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. पण क्षेत्रफळाचा हिशेब करा: दर सेकंदाला काही हजार टन लोखंड गोठतं! गोठताना उष्णता सुटते, ऑक्सिजनसारखी हलकी मूलद्रव्यं बरीचशी द्रवातच मागे राहतात आणि वर चढतात. त्यातून द्रव लोखंड घुसळत राहतं आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र टिकतं.

गोळा एकजिनसीही नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या दिशेनं जाणाऱ्या लहरी विषुववृत्ताच्या पातळीतल्या लहरींपेक्षा सुमारे ३ टक्के वेगवान असतात. त्यातल्या लोखंडाचे स्फटिक बऱ्याच अंशी एकाच दिशेला लागलेले असावेत, असा त्याचा अर्थ लावतात. पूर्व आणि पश्चिम अर्धांतही फरक दिसतो. अगदी मध्यभागी आणखी एक वेगळा भाग असल्याच्या खुणाही आहेत.

खरं कोडं पहिल्या स्फटिकाचं आहे. शुद्ध द्रवात आपोआप स्फटिक जमायचा तर द्रव वितळणबिंदूच्या शेकडो अंश खाली जायला हवा, आणि गाभा तेवढा निवलेला दिसत नाही. एखाद्या घन कणाचा आधार मिळाला असेल, तर इतक्या उष्णतेत तो न विरघळता केंद्रापर्यंत पोचला कसा?